कंपनीचा मेल आणि सगळ्यांचं कॅलेंडर: सेवा निवडताना काय बघाल?

लहान उद्योग चालवणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न सतत येतो: "गूगल घेऊ, मायक्रोसॉफ्ट घेऊ की झोहो?" विचारणारा कधी भोसरीत जॉबवर्क करतो, कधी नाशिकहून द्राक्षं निर्यात करतो, तर कधी ठाण्यात आठ माणसांचं सीए ऑफिस चालवतो. आजवर त्याचं काम जीमेलच्या फुकट पत्त्यावर किंवा वेबसाइटबरोबर मिळालेल्या मेलवर निभावलेलं असतं, आणि आता कुठेतरी अडलेलं असतं. मोठ्या गिऱ्हाइकाने व्हेंडर नोंदणीत कंपनीच्या नावाचा मेल मागितला, पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये गेलं, किंवा डिस्पॅच बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि सगळा पत्रव्यवहार त्याच्या खात्यात अडकला.

प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघायचं, मग खाती किती लागतात ते मोजायचं, आणि त्यानंतर सेवेचं नाव ठरवायचं. डोमेन तुमच्या हातात असेल तर आज घेतलेली सेवा दोन वर्षांनी बदलता येते. पत्ते तेच राहतात, गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. डोमेन दुसऱ्याच्या हातात असेल तर सेवा कितीही चांगली घ्या, किल्ली त्याच्याकडेच राहते.

डोमेन तुमच्या नावावर आहे का?

पत्त्यात @ या खुणेनंतर जे येतं ते डोमेन. बऱ्याच लहान कंपन्यांचं डोमेन वेबसाइट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःचा मेल आणि मोबाइल देऊन घेतलेलं असतं. पैसे तुम्ही भरता, पण नोंदीत मालक तो असतो. संबंध चांगले असतात तोवर याची जाणीवच होत नाही. त्याने धंदा बंद केला, फोन उचलणं थांबवलं किंवा नूतनीकरणाला अवाच्या सवा रक्कम मागितली की मग धावपळ सुरू होते.

म्हणून सेवेची चौकशी करण्याआधी हे करा:

- ‘हूइज’ या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या शोधसेवेवर तुमचं डोमेन शोधा. मालकाचं नाव अनेकदा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते हे दिसतं.
- त्याच रजिस्ट्रारकडे कंपनीच्या नावाने स्वतःचं खातं उघडा आणि डोमेन त्या खात्यात हलवून घ्या. रजिस्ट्रार तोच असेल तर हे काम सहज होतं. वेगळ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर हस्तांतराचा कोड लागतो.
- या खात्याला जोडलेला मेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेनची मुदत संपली तर मेलही बंद पडतो, आणि मुदतीची सूचना व पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद पेटीत जाऊन पडते.
- नूतनीकरण शक्य असेल तर एकदम काही वर्षांचं करा. कार्डावरून आपोआप पैसे जातील या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम २०२१ मध्ये लागू झाल्यापासून अशी वसुली, विशेषतः परदेशी कंपनीची, मधेच अडू शकते.

तुमचा हक्क इथे स्पष्ट आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम लागतात. नोंदणीकृत मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारला हस्तांतराचा कोड पाच दिवसांत द्यावा लागतो. मात्र नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, आणि मालकाचं नाव बदललं तरीही अशीच ६० दिवसांची अडवणूक लागू शकते. त्यामुळे आधी नाव बदलायचं की आधी रजिस्ट्रार, हे रजिस्ट्रारला विचारून ठरवा. डॉट इनचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था बघते. तुमच्या नावाचं डॉट इन डोमेन कोणी वाईट हेतूने अडवून बसलं असेल तर आयएनडीआरपी या प्रक्रियेत लवादाकडे दाद मागता येते. त्यासाठी नावावरचा तुमचा हक्क ट्रेडमार्कसारख्या कागदांनी दाखवावा लागतो. म्हणून डोमेनची बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवा.

माणसं किती आणि खाती किती?

या सेवा पैसे घेतात ते खात्यामागे, पत्त्यामागे नव्हे. हे न कळल्यामुळे कित्येक जण ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’, ‘परचेस’ अशी प्रत्येक नावाला वेगळी वर्गणी भरतात. एक पत्ता चार प्रकारे मिळू शकतो. स्वतंत्र खातं, म्हणजे स्वतःचा पासवर्ड, स्वतःची पेटी आणि स्वतःचं कॅलेंडर. एलियास, म्हणजे त्याच पेटीला दुसरं नाव. गूगल एका खात्याला असे ३० पत्ते वेगळे पैसे न घेता देतं. ग्रुप, म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल तिघा-चौघांना जातो. आणि शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे एकच पेटी, जी अनेक जण आपापल्या पासवर्डने उघडतात. मायक्रोसॉफ्टमध्ये अशी पेटी ५० जीबीपर्यंत वेगळ्या वर्गणीशिवाय मिळते. गूगलमध्ये हेच काम ग्रुपच्या ‘कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स’मधून होतं.

बारा-पंधरा माणसांच्या कारखान्यात मशीनवर काम करणाऱ्यांना खातं लागत नाही. मालक, अकाउंट्स, परचेस, क्वालिटी आणि मार्केटिंगचे एक-दोघे, एवढ्यांत बहुतेक वेळा भागतं. गिऱ्हाइकाला द्यायचा पत्ता कामाच्या नावाचा ठेवा, माणसाच्या नावाचा नको. माणूस बदलतो, पण गिऱ्हाइकाच्या वहीत लिहिलेला पत्ता वर्षानुवर्षं तोच राहतो.

एकाच खात्याचा पासवर्ड चौघांना वाटणं मात्र कृपा करून थांबवा. कोणी काय पाठवलं ते कळत नाही, ओटीपी एकाच्याच मोबाइलवर येतो, आणि एक जण गेला की सगळ्यांची घडी विस्कटते.

सरकारी पोर्टलसाठी वेगळा पत्ता ठेवा. जीएसटी, प्राप्तिकर, ईपीएफओ, उद्यम, डीजीएफटी, जेम: या प्रत्येक ठिकाणी आज कोणता मेल नोंदवला आहे ते एकदा बसून तपासा. अनेकदा तिथे सीएकडच्या जुन्या असिस्टंटचा किंवा केव्हाच सोडून गेलेल्या अकाउंटंटचा खासगी पत्ता निघतो. जीएसटीची नोटीस तिथे जाते आणि उत्तराची मुदत निघून गेल्यावर तुम्हाला कळतं. ‘कंप्लायन्स’ नावाचा एक ग्रुप करा. त्यात मालक आणि अकाउंटंट दोघंही असू द्या, आणि सगळ्या पोर्टलवर तोच पत्ता नोंदवा.

कॅलेंडरचा विचार मेलइतकाच गंभीरपणे करा

बहुतेक ठिकाणी मेलची तुलना तासन्‌तास होते आणि कॅलेंडर कोणी उघडूनही बघत नाही. माझ्या मते लहान कंपनीचा रोजचा वेळ खरा वाचतो तो कॅलेंडरमुळे. आज तुमचं वेळापत्रक मालकाच्या डोक्यात, भिंतीवरच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये विखुरलेलं असेल. ग्रुपवर टाकलेली "मंगळवारी चाकणला जायचंय" ही सूचना संध्याकाळपर्यंत पन्नास मेसेजखाली जाते.

सुरुवातीला तीन सामायिक कॅलेंडर पुरतात.

पहिलं मुदतींचं. टीडीएस भरण्याची ७ तारीख, जीएसटीआर-१ ची ११, पीएफ आणि ईएसआयसीची १५, जीएसटीआर-३बी ची २०. पाच कोटींपर्यंत उलाढाल असून तुम्ही तिमाही विवरणाची योजना घेतली असेल, तर महाराष्ट्रात आणि गोव्यात तिमाहीनंतरच्या महिन्याची १३ आणि २२. आगाऊ प्राप्तिकराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. या नोंदी दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप येतील अशा लावा आणि आठवण तीन दिवस आधीची ठेवा. मुदती अधिसूचनेने पुढे-मागे होतात, मार्चच्या टीडीएसची मुदतही वेगळी असते. म्हणून या कॅलेंडरमध्ये दुरुस्ती करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या.

दुसरं बाहेरच्या कामाचं: साइट व्हिजिट, सर्व्हिस कॉल, डिलिव्हरी. गाडी एकच असेल तर तिला ‘रिसोर्स’ म्हणून कॅलेंडरमध्ये घाला. मग एकाच वेळी दोघांना ती मिळत नाही आणि सकाळी दारात वाद होत नाही.

तिसरं सुट्ट्यांचं. भारताच्या सुट्ट्यांचं तयार कॅलेंडर मिळतं, पण पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातली गुरुवारची साप्ताहिक सुट्टी त्यात नसते, तुमच्या कारखान्याची गणपतीची सुट्टी नसते आणि कोण रजेवर आहे तेही नसतं. ते तुम्हीच भरायचं.

अधिकार ठरवताना घाई करू नका. साधारणपणे चार पायऱ्या असतात: फक्त मोकळा की व्यस्त एवढंच दिसणं, सगळा तपशील दिसणं, बदल करता येणं, आणि इतरांना अधिकार देता येणं. मूळ सेटिंग ‘सगळा तपशील’ असं असेल तर मालकाची डॉक्टरची वेळ आणि बँकेतली भेट सगळ्या ऑफिसला दिसते. व्यक्तीच्या कॅलेंडरला ‘फक्त मोकळा-व्यस्त’ आणि वरच्या तीन कॅलेंडरना ‘तपशील’, ही विभागणी ठीक बसते.

पैसे वाचवायला अर्धं ऑफिस एका सेवेवर आणि अर्धं दुसऱ्या सेवेवर ठेवण्याची कल्पना सुचेल. करू नका. मीटिंगचं आमंत्रण एका सेवेतून दुसरीत नीट जातं, पण एकमेकांचं कॅलेंडर बघणं आणि बदलणं तिथे धड चालत नाही.

आता सेवांची नावं

*वेबसाइटबरोबर येणारा मेल.* स्वस्त आहे, पण धंद्यासाठी मी तो सुचवणार नाही. एकाच सर्व्हरवर शेकडो अनोळखी कंपन्या असतात. त्यातल्या एकीने स्पॅम पाठवला की तुमचंही कोटेशन अडतं. कॅलेंडर तर नावापुरतंच असतं.

*गूगल वर्कस्पेस.* माणसांना जीमेलची सवय असेल तर शिकवावं काही लागत नाही. मोबाइलवरचं कॅलेंडर उत्तम आहे. सुरुवातीच्या योजनेत माणशी ३० जीबी जागा मिळते, मेल आणि ड्राइव्ह मिळून. ड्रॉइंग आणि फोटो पाठवणाऱ्यांना ती लवकर अपुरी पडते.

*मायक्रोसॉफ्ट ३६५.* काम एक्सेल आणि आउटलुकवर चालत असेल आणि गिऱ्हाइकं टीम्सवर बोलावत असतील तर हीच घ्या. एक गोष्ट मात्र खरेदीआधी नीट समजून घ्या: ‘बिझनेस बेसिक’मध्ये वर्ड, एक्सेल, आउटलुक फक्त ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर मिळतात. संगणकावर बसवायचे असतील तर ‘स्टँडर्ड’ लागतं, आणि त्याचा दर बराच जास्त आहे.

*झोहो.* चेन्नईची कंपनी. मुंबई आणि चेन्नईत तिची डेटा सेंटर आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा मेलही झोहोच्या यंत्रणेवर गेला आहे. नुसता मेल आणि कॅलेंडर हवं असेल तर तिघांत हीच सर्वांत स्वस्त. पाच जणांपर्यंतची तिची फुकट योजना आकर्षक दिसते, पण त्यात आयमॅप आणि पॉप नसतं, म्हणजे मेल आउटलुकमध्ये घेता येत नाही. फुकट योजनेवर कायमची भिस्त ठेवू नका. गूगलनेही अशी योजना दिली होती. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ती नव्या ग्राहकांना बंद झाली आणि २०२२ मध्ये जुन्या व्यवसायांनाही पैसे भरून पुढे जावं लागलं.

माझा कौल असा. पाच-दहा माणसं, आउटलुकचा आग्रह नाही, खर्च हाताबाहेर जायला नको: झोहोची पैसे भरून घ्यायची योजना. सतत बाहेर फिरणारी, मोबाइलवर काम करणारी टीम: गूगल. मोठ्या वाहन किंवा औषध कंपन्यांचे पुरवठादार: मायक्रोसॉफ्ट. कोणतीही घेतलीत तरी आधी चाचणीच्या मुदतीत दोन-तीन खात्यांवर वापरून बघा, आणि त्यातलं एक खातं तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या साध्या अँड्रॉइड फोनवर लावा.

डीलरकडून घेत असाल तर या गोष्टी लेखी मागा:

- मुख्य अ‍ॅडमिन खातं कोणाच्या नावाने असेल? उत्तर ‘तुमच्या’ हेच हवं.
- पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर, दोन्ही.
- वर्षाच्या मधे खाती कमी करता येतात का? मायक्रोसॉफ्टच्या वर्षाच्या करारात पहिल्या सात दिवसांनंतर ती कमी होत नाहीत. माणसं ये-जा करत असतील तर काही खाती महिन्याच्या करारावर ठेवा.
- बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक. १८ टक्के कराचं क्रेडिट मिळायला तो लागतो.
- डीलर बदलायचा ठरवला तर सेवा न थांबता बदलता येईल का?

डेटा भारताबाहेर राहिला तर बेकायदा ठरेल का, असंही अनेक जण विचारतात. सर्वसाधारण पत्रव्यवहारावर अशी सरसकट सक्ती नाही. कंपनी कायद्याखाली मात्र हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना त्या हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. तो प्रश्न तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा आहे.

जुन्यावरून नव्यावर जाताना

आधी जुना मेल कुठे आहे ते शोधा. आउटलुक पॉप पद्धतीने लावलेलं असेल तर वर्षानुवर्षांचा मेल सर्व्हरवर नसून अकाउंट्सच्या एका संगणकात पीएसटी फाइलमध्ये असतो. तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मेल कुठे उतरायचा हे डोमेनमधली एमएक्स नोंद सांगते. ती बदलण्याच्या आदल्या दिवशी तिचा टीटीएल, म्हणजे बदल पसरायला लागणारा वेळ, पाच मिनिटांवर आणून ठेवा. बदल सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा. जुनी सेवा निदान महिनाभर चालू ठेवा. उशिरा पोहोचणारे मेल तिथे सापडतात.

एसपीएफ नोंदीत सर्वाधिक गोंधळ होतो. तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे ती सांगते, आणि डोमेनला ती एकच असावी लागते. नवी सेवा घेताना अनेक जण जुनीच्या खाली दुसरी नोंद घालतात. मग दोन्ही निकामी होतात आणि मेल स्पॅममध्ये जाऊ लागतो. जुन्या नोंदीतच नव्या सेवेचं नाव घाला. डीकेआयएम, म्हणजे मेलवर तुमच्या डोमेनची डिजिटल सही, सुरू करा, आणि डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी फक्त निरीक्षणाच्या पातळीवर ठेवून काही आठवड्यांनी कडक करा. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत कडक नियम लावले आहेत, त्यामुळे हे काम टाळता येणार नाही.

टॅली आणि स्कॅनर विसरू नका. टॅलीतून थेट बिलं मेल होत असतील किंवा झेरॉक्स मशीन स्कॅन करून मेल पाठवत असेल, तर नव्या सेवेत साधा पासवर्ड तिथे बहुधा चालणार नाही. गूगलसारख्या सेवेत त्यासाठी वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढावा लागतो.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा

खातं लगेच डिलीट करू नका. गूगलमध्ये डिलीट केलेलं खातं २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत परत आणता येतं. त्यानंतर सगळं गेलं. क्रम असा ठेवा: शेवटच्या दिवशी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, मेल दुसऱ्याकडे वळवा, त्याने ठरवलेल्या मीटिंग आणि फाइलींची मालकी दुसऱ्याच्या नावावर करा, मेलची प्रत काढून ठेवा, आणि मगच खातं बंद करा. मालकी हलवली नाही तर त्याने लावलेल्या पुढच्या वर्षभराच्या मेंटेनन्सच्या तारखा खात्याबरोबर जाऊ शकतात.

प्रत किती वर्षं ठेवायची? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, आणि कंपनी कायद्याखाली हिशेब आठ वर्षं. ऑर्डर, दर आणि तक्रारीचे मेल याच मापाने ठेवा. सेवा चालू आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका. जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो.

नेमणूकपत्रात एक ओळ घाला: कंपनीचं मेल खातं कंपनीच्या मालकीचं आहे आणि गरज पडल्यास कंपनी ते बघू शकते. ती ओळ सुरुवातीलाच असेल तर निरोपाच्या दिवशी कटुता येत नाही.

अ‍ॅडमिन आणि ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल

अ‍ॅडमिन दोन ठेवा: मालक आणि आणखी एक विश्वासाचा माणूस. दोघांनाही टू-स्टेप व्हेरिफिकेशन सक्तीचं करा, बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा, आणि रिकव्हरीसाठी दिलेलं सिम कंपनीच्या किंवा मालकाच्या नावावरचं असू द्या.

लहान निर्यातदारांचं सर्वांत मोठं नुकसान एकाच प्रकारच्या फसवणुकीत होतं. चोर आधी एखादी पेटी उघडतो, गुपचूप फॉरवर्डिंगचा नियम लावतो, काही दिवस पत्रव्यवहार वाचतो, आणि नेमका पैसे पाठवायच्या वेळी "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल पाठवतो. पत्त्यात एखादंच अक्षर वेगळं असतं. म्हणून बाहेर जाणारं आपोआप फॉरवर्डिंग अ‍ॅडमिनमधून बंद करा, आणि बँक खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे सोडू नका. तुमच्या बिलावरही तीच सूचना छापा.

तरीही पैसे गेले, तर वेळ महत्त्वाचा आहे:

- आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.
- सगळे पासवर्ड बदला, फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम तपासा.
- सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची माहिती कळल्यापासून सहा तासांत त्यांना द्यावी लागते. कंपन्यांना हे लागू आहे.
- तो मेल डिलीट करू नका आणि नुसता स्क्रीनशॉट पुरेसा मानू नका. मूळ मेल पूर्ण हेडरसकट जतन करा. कोर्टात तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते कोणाच्या सहीने घ्यायचं हे वकिलाला पहिल्या भेटीतच विचारून घ्या.